इंग्रजीतील आरंभवाचक शब्द : व्युत्पत्ती, अर्थच्छटा आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

गोषवारा

‘सुरुवात’ या एका कल्पनेसाठी इंग्रजीत ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कमेन्स’, ‘इनिशिएट’, ‘इनॉग्युरेट’, ‘इन्सेप्शन’, ‘ओरिजिन’, ‘ऑनसेट’ असे अनेक शब्द आहेत. द्विभाषिक कोशांत यांतील बहुतेकांसमोर ‘सुरू करणे’ किंवा ‘आरंभ’ हाच प्रतिशब्द येतो. त्यामुळे हे शब्द परस्परांच्या जागी चालतात असा समज निर्माण होतो. प्रत्यक्षात यातील प्रत्येक शब्दाच्या मुळाशी उडी मारणे, आत जाणे, हाती घेणे, शकुन पाहणे, उगवणे अशी एकेक वेगळी कृती आहे आणि ती कृती शब्दाच्या आजच्या वापरालाही वळण देते. प्रस्तुत लेखात या शब्दांची व्युत्पत्ती व उपयोग यांचा परामर्श घेऊन मराठीतील आरंभवाचक शब्दांशी त्यांची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : आरंभवाचक शब्द, व्युत्पत्ती, समानार्थकता, प्रतिशब्द, भाषाध्यापन.

१. प्रास्ताविक

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या इंग्रजी सूचनेत ‘क्लासेस विल कमेन्स फ्रॉम’ असे शब्द आणि त्यापुढे एखादी तारीख हमखास आढळते. मराठी वाचकाला यात काहीही खटकत नाही, कारण त्याच्या मनात ‘अमुक तारखेपासून वर्ग सुरू होतील’ हे मराठी वाक्य असते. ‘पासून’ या शब्दयोगी अव्ययासाठी ‘फ्रॉम’ आला, हे ओघानेच घडते. परंतु प्रमाण इंग्रजीत येथे ‘ऑन’ अपेक्षित असते. मराठी वाक्यात सुरुवातीपासून पुढे चालू राहणारा कालावधी अभिप्रेत असतो, तर ‘कमेन्स’ हे क्रियापद फक्त आरंभाचा बिंदू दाखवते. बिंदू एका दिवशी येतो, एका दिवसापासून येत नाही. एका लहानशा शब्दाच्या निवडीमागे आरंभाकडे पाहण्याच्या दोन पद्धती आहेत, हे यावरून लक्षात येते.

दुसरे उदाहरण याहून लक्षणीय आहे. अमेरिकी विद्यापीठांत पदवीप्रदान समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात. ‘कमेन्स’ म्हणजे सुरू होणे एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा तो गोंधळतो. शिक्षण संपते त्या दिवसाला ‘सुरुवात’ का म्हणावे? कोशातील प्रतिशब्द या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी शब्दाचा इतिहासच पाहावा लागतो.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) इंग्रजीतील प्रमुख आरंभवाचक शब्दांच्या मुळाशी असलेली कृती स्पष्ट करणे.
(२) त्या कृतीचा शब्दाच्या आजच्या वापराशी असलेला संबंध दाखवणे.
(३) मराठीतील आरंभवाचक शब्दांशी या शब्दांची तुलना करणे.
(४) भाषाध्यापन व भाषांतर या दृष्टीने उपयुक्त असे काही मुद्दे मांडणे.

इंग्रजीतील सर्व आरंभवाचक शब्दांची सूची देणे हा लेखाचा हेतू नाही. महाविद्यालयीन वाचनात व लेखनात जे वारंवार येतात आणि ज्यांच्या बाबतीत गोंधळ होतो, अशाच शब्दांचा विचार येथे केला आहे.

३. इंग्रजी शब्दसंग्रहातील तीन थर

इंग्रजीत समानार्थी वाटणारे इतके शब्द का आहेत, याचे उत्तर त्या भाषेच्या घडणीत सापडते. मूळ इंग्रजी ही जर्मानिक कुळातील भाषा होय. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राजदरबार, न्यायालये आणि उच्चवर्ग यांच्यात फ्रेंच भाषा रूढ झाली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजीतून युक्तिवाद करण्याची तरतूद झाली, तरी कायद्याच्या परिभाषेवरील फ्रेंचचा ठसा कायम राहिला. पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द घेतले. परिणामी अनेक कल्पनांसाठी घरगुती जर्मानिक शब्द, काहीसा औपचारिक फ्रेंच शब्द आणि ग्रांथिक लॅटिन शब्द अशी तीन पातळ्यांची रचना तयार झाली. अल्बर्ट बॉ यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषेच्या इतिहासग्रंथामुळे ही त्रिस्तरीय मांडणी विद्यापीठीय अभ्यासक्रमांत सुपरिचित झाली आहे. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरोगेट’ हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. आरंभाच्या बाबतीत ‘बिगिन’, ‘कमेन्स’ आणि ‘इनिशिएट’ हे त्रिकूट तशाच प्रकारचे आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित नाही. ‘सुरू’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘आरंभ’ व ‘प्रारंभ’ हे संस्कृत तत्सम शब्द आहेत. आणि ‘तो रडू लागला’ यातील ‘लागणे’ हे तद्भव क्रियापद आहे. फरक इतकाच की, मराठीत परका शब्द ‘सुरू’ रोजच्या बोलण्यात उतरला आणि संस्कृत शब्द औपचारिक राहिला. इंग्रजीत मात्र रोजच्या वापरात घरचाच शब्द टिकून राहिला.

४. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’

‘बिगिन’ हा इंग्रजीतील सर्वांत जुन्या आरंभवाचक शब्दांपैकी एक. जर्मन व डच भाषांत आजही ‘बेगिनेन’ हे त्याचे भावंड नांदते. ‘बिगिन, बिगॅन, बिगन’ ही रूपे ‘सिंग, सँग, संग’ या रूपांप्रमाणे स्वर बदलून तयार होतात. जर्मानिक मुळाची ती एक ठळक खूण आहे. कमेन्स, इनिशिएट, इनॉग्युरेट या उसन्या क्रियापदांना मात्र भूतकाळी नियमित प्रत्यय लागतो.

‘स्टार्ट’ हादेखील जर्मानिक शब्दच. पण त्याचा मूळ अर्थ आरंभाचा नव्हता. त्याचा जुना अर्थ उडी मारणे, एकदम उसळणे, दचकणे असा होता. ‘स्टार्टल’ हा शब्द त्याच कुटुंबातील. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘स्टार्ट’ पुष्कळदा दचकण्याच्या अर्थानेच येतो. ‘ही स्टार्टेड अ‍ॅट द नॉइज’ या वाक्याचा अर्थ ‘तो आवाजाने दचकला’ असा आहे; ‘स्टार्ट म्हणजे सुरू करणे’ एवढ्याच ज्ञानावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला या वाक्यातून काहीच बोध होणार नाही. गतीला आरंभ होणे, निघणे, यंत्र चालू करणे हे अर्थ त्या उसळीतून पुढे विकसित झाले.

आजच्या इंग्रजीतही ‘स्टार्ट’ने आपला मूळ स्वभाव सोडलेला नाही. स्थिर असलेली वस्तू गतिमान होते तेथे हाच शब्द लागतो. म्हणून ‘स्टार्ट द कार’ असे म्हणतात. ‘बिगिन द कार’ असे म्हणता येत नाही. ‘वुई स्टार्टेड फॉर पुणे अ‍ॅट सिक्स’ म्हणजे आम्ही सहाला पुण्यास निघालो. येथेही ‘बिगॅन’ चालत नाही. शर्यतीत ‘स्टार्टिंग लाइन’ असते आणि पळण्याचा इशारा देणारा तो ‘स्टार्टर’. याउलट ‘बिगिन’मध्ये एका क्रमाचा पहिला भाग अभिप्रेत असतो. ज्याला ‘बिगिनिंग’ आहे त्याला ‘मिडल’ आणि ‘एंड’ही असतो. कथा, भाषण, प्रकरण, शतक यांच्या संदर्भात ‘बिगिन’ सहज येतो. अर्थात पुष्कळ वाक्यांत दोन्ही शब्द चालतात. ‘पाऊस पडू लागला’ हे दोन्ही क्रियापदांनी सांगता येते. या दोघांत फरक पडतो तो गती आणि क्रम या दोन टोकांना.

येथे आणखी एक बारकावा नोंदवणे आवश्यक आहे. ‘अ‍ॅट द बिगिनिंग’ आणि ‘इन द बिगिनिंग’ हे वाक्प्रयोग एकच नाहीत. पहिल्यामागे बहुधा ‘ऑफ’ येऊन ‘वर्षाच्या सुरुवातीला’, ‘प्रकरणाच्या सुरुवातीला’ असा नेमका बिंदू दाखवला जातो. दुसऱ्याचा अर्थ ‘पहिल्यापहिल्यांदा’, ‘सुरुवातीच्या काळात’ असा होतो आणि पुढे परिस्थिती बदलली हे त्यात सूचित असते. मराठीतील ‘सुरुवातीला’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, म्हणून भाषांतरात येथे हमखास घसरण होते.

५. ‘कमेन्स’ : कायद्याच्या भाषेतील आरंभ

‘कमेन्स’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यामागे लॅटिनमधील ‘इनिशियम’ म्हणजे आरंभ हा शब्द आहे. फ्रेंच ही दरबाराची व न्यायालयाची भाषा असल्यामुळे ‘कमेन्स’ला आरंभापासूनच औपचारिकता चिकटली. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध भाषावापर-कोशात सर्वसाधारण लेखनात ‘कमेन्स’ऐवजी ‘बिगिन’ वापरावा, असाच सल्ला दिला आहे. भारतीय इंग्रजीत मात्र ‘कमेन्स’ अधिक प्रतिष्ठित आणि म्हणून अधिक चांगला, असा समज अद्याप दिसून येतो.

तरीही एका क्षेत्रात ‘कमेन्स’ला पर्याय नाही, ते म्हणजे कायदा. भारतीय कायद्यांच्या पहिल्या कलमाला बहुधा ‘संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ’ असे शीर्षक असते. यातील ‘प्रारंभ’ हा ‘कमेन्समेंट’चा मराठी पर्याय. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टनुसार अधिनियमाचा प्रारंभ म्हणजे तो अंमलात येण्याचा दिवस. विधेयक मांडले गेले, संमत झाले, त्यास अनुमती मिळाली, या साऱ्या घटनांना बोलीभाषेत कायद्याची सुरुवात म्हणता येईल. परंतु ‘कमेन्समेंट’ म्हणता येणार नाही.

भारतीय संविधान हे याचे सर्वोत्तम उदाहरण होय. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्व, निवडणूक आयोग, राष्ट्रपतींची शपथ इत्यादींविषयीचे काही अनुच्छेद त्याच दिवशी अंमलात आले आणि उर्वरित तरतुदी २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आल्या. मात्र ‘संविधानाचा प्रारंभ’ म्हणजे २६ जानेवारी १९५० हाच दिवस, असे त्याच अनुच्छेदात स्पष्ट केले आहे. ‘संविधानाची सुरुवात केव्हा झाली?’ या प्रश्नाला इतिहासाचा अभ्यासक एकाहून अधिक उत्तरे देऊ शकेल, ‘कमेन्समेंट केव्हा?’ या प्रश्नाला मात्र एकच उत्तर आहे.

या एका शब्दावर किती अवलंबून असते, हे भाषेच्या प्रश्नातूनच दिसते. अनुच्छेद ३४३ नुसार संघराज्याच्या शासकीय कामकाजासाठी इंग्रजीचा वापर संविधानाच्या ‘प्रारंभापासून’ पंधरा वर्षे चालू राहणार होता. म्हणजे मुदत संपण्याची तारीख २६ जानेवारी १९६५ अशी निश्चित झाली. त्या तारखेपूर्वीच १९६३ चा राजभाषा अधिनियम करून इंग्रजीच्या पुढील वापराची तरतूद करण्यात आली. ‘प्रारंभ’ या शब्दाची व्याख्या सैल असती तर मुदत नेमकी कोठून मोजायची हाच वाद झाला असता.

कायद्याची भाषा ‘बिगिन’ मुळीच वापरत नाही असे नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या अनुसूचीत, मुदत कोणत्या वेळेपासून धावू लागते हे सांगणाऱ्या स्तंभाच्या शीर्षकात ‘बिगिन्स टु रन’ अशीच शब्दयोजना आहे. अधिनियमाचा प्रारंभ ही घोषणेने ठरणारी घटना आहे. काळाचे धावू लागणे ही आपोआप घडणारी प्रक्रिया आहे. येथे शब्दांची निवड अर्थाला धरूनच झालेली दिसते.

६. दीक्षा आणि दीक्षान्त : एकाच मुळाची दोन टोके

‘इनिशियम’ या लॅटिन शब्दाची फोड ‘इन’ म्हणजे आत आणि ‘इरे’ म्हणजे जाणे अशी होते. आरंभ म्हणजे आत प्रवेश करणे. ‘इरे’ हे क्रियापद संस्कृतमधील ‘इ’ (एति) या जाण्याच्या अर्थाच्या धातूचे सगोत्र आहे. ‘उत्तरायण’ शब्दातील ‘अयन’ त्याच धातूपासून आले. ‘एक्झिट’ म्हणजे बाहेर जाणे, हाही त्याच ‘इरे’चा वंशज.

या ‘इनिशियम’पासून इंग्रजीत दोन वाटांनी शब्द आले. फ्रेंचच्या वाटेने ‘कमेन्स’ आला, तर थेट लॅटिनमधून ‘इनिशियल’, ‘इनिशिएट’, ‘इनिशिएटिव्ह’ हे शब्द आले. लॅटिनमध्ये ‘इनिशिया’ या अनेकवचनी रूपाचा एक अर्थ गुप्त धार्मिक विधी असा होता. त्यामुळे ‘इनिशिएशन’ म्हणजे पंथात प्रवेश, अर्थात दीक्षा, हा अर्थ या शब्दाला चिकटला. ‘इनिशिएट’ याचा आजचा वापरही याच्याशी जुळतो. ‘पाऊस इनिशिएट झाला’ असे इंग्रजीत म्हणता येत नाही. कोणीतरी जाणीवपूर्वक पहिले पाऊल टाकून इतरांसाठी वाट उघडली, की तेथे ‘इनिशिएट’ योग्य ठरतो: चर्चा, चौकशी, सुधारणा, कारवाई. ‘इनिशिएटिव्ह’साठी मराठीने योजलेला ‘पुढाकार’ हा शब्द म्हणूनच समर्पक आहे, जरी त्यातील चित्र आत जाण्याचे नसून पुढे होण्याचे आहे.

आता ‘कमेन्समेंट’चे कोडे सुटते. मध्ययुगीन युरोपातील अनेक विद्यापीठे ही मूलतः अध्यापकांचे संघ होती. विद्यार्थी दीर्घकाळ अध्ययन करी, अध्यापनाचा परवाना मिळवी आणि त्यानंतर एका विधिपूर्वक समारंभात स्वतः अध्यापनास आरंभ करून अध्यापकांच्या संघात प्रवेश घेई. या आरंभाला लॅटिनमध्ये ‘इन्सेप्शियो’ म्हणत आणि इंग्रजीत त्यासाठी ‘कमेन्समेंट’ शब्द आला. म्हणजे समारंभाचे नाव शिक्षणाच्या समाप्तीवरून पडलेले नव्हते. अध्यापनाच्या आरंभावरून पडले होते. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डमध्ये पहिले ‘कमेन्समेंट’ १६४२ साली नऊ पदवीधरांसह पार पडले आणि हा शब्द अमेरिकेत रुजला.

भारतात वेगळा शब्द रूढ झाला. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसरातील सभागृह ‘कॉन्व्होकेशन हॉल’ या नावाने ओळखले जाते. ‘कॉन्व्होकेशन’ म्हणजे एकत्र बोलावणे. त्यात आरंभही नाही आणि अंतही नाही. आपल्याकडील ‘दीक्षान्त’ शब्दात मात्र स्पष्टपणे अंत आहे. यातून एक विलक्षण योग दिसतो: ‘इनिशिएशन’ म्हणजे दीक्षा आणि ‘कमेन्समेंट’ म्हणजे दीक्षान्त, मराठीत परस्परविरुद्ध टोकांना असलेल्या या दोन शब्दांचे इंग्रजी पर्याय एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. प्राचीन भारतीय परंपरेत विद्याध्ययन पूर्ण करणाऱ्या शिष्याच्या संस्काराला ‘समावर्तन’, म्हणजे परत फिरणे, म्हणत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अशा शिष्याला केलेला उपदेश आहे. एकाच प्रसंगाला कोणी प्रवेश म्हटले, कोणी परतणे म्हटले आणि कोणी समाप्ती. यावरून प्रत्येक समाज शिक्षणाचे प्रयोजन कोठे पाहत होता, याची कल्पना येते.

७. ‘इन्सेप्शन’ आणि ‘आरंभ’

‘इन्सेप्शन’ हा शब्द ‘इन्सिपेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला. त्याच्या मुळाशी ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, घेणे ही क्रिया आहे. आरंभ म्हणजे काम हाती घेणे. छपाईपूर्व काळातील हस्तलिखितांना आजच्यासारखे शीर्षकपृष्ठ नसे; ग्रंथाची ओळख त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून पटवली जाई. त्या आरंभिक शब्दांना ‘इन्सिपिट’ म्हणतात आणि हस्तलिखितांच्या सूचीत ही संज्ञा आजही वापरली जाते.

संस्कृतमधील ‘आरंभ’ शब्दाची घडण याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. ‘आ’ उपसर्ग आणि ‘रभ्’ धातू मिळून पकडणे, हाती धरणे असा अर्थ होतो. जर्मन भाषेतील ‘आनफांगेन’ म्हणजे सुरू करणे. त्यातील ‘फांगेन’ म्हणजेही पकडणे. लॅटिन, संस्कृत आणि जर्मन या तीन भाषांनी आरंभाचे एकच चित्र रेखाटले आहे. मराठीतही ‘काम हाती घेतले’, ‘पेरणीला हात घातला’ हे वाक्प्रयोग तेच सांगतात. ‘इन्सेप्शन’ला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘आरंभ’ हा अर्थाने आणि घडणीनेही योग्य ठरतो. ‘संस्थेच्या स्थापनेपासून’ या अर्थाने ‘सिन्स इट्स इन्सेप्शन’ असे म्हणतात, तेव्हा कोणीतरी ते काम हाती घेतले होते ही जाणीव त्यात असते.

८. ‘इनॉग्युरेट’ : पक्षी आणि शकुन

प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नावाचे शकुनवेत्ते असत. सार्वजनिक महत्त्वाच्या कार्यापूर्वी ते पक्ष्यांचे उड्डाण व वर्तन पाहून देवांची संमती आहे किंवा नाही याचा निर्णय देत. असा कौल घेऊन एखाद्याची पदावर प्रतिष्ठापना करणे म्हणजे ‘इनॉग्युरारे’. म्हणूनच इंग्रजीत इमारतीप्रमाणे व्यक्तीचेही ‘इनॉग्युरेशन’ होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पहिले इनॉग्युरेशन ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे झाले. १९३७ पासून या समारंभासाठी २० जानेवारी हा दिवस ठरलेला आहे. या ठिकाणी ‘उद्घाटन’ हा प्रतिशब्द अर्थातच निरुपयोगी ठरतो. तेथे ‘पदग्रहण’ म्हणावे लागते. कारण ‘उद्घाटन’ याचा मूळ अर्थ उघडणे असा असून त्याचे खरे नाते ‘ओपनिंग’ या शब्दाशी आहे.

‘ऑस्पिशस’ म्हणजे शुभ, हा शब्दही पक्षी आणि पाहणे या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांतून बनला आहे. महाविद्यालयीन निमंत्रणपत्रिकेत ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ यासाठी ‘अंडर द जॉइंट ऑस्पिसेस’ असे छापतात आणि त्याखाली ‘इनॉग्युरेशन’चा कार्यक्रम देतात, ही दोन्ही पदे रोमन पक्षिनिरीक्षणातून आली आहेत. संस्कृतमध्येही ‘शकुन’ शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. पक्ष्यावरून मिळणारी सूचना म्हणून शकुन. तेव्हा ‘इनॉग्युरेट’च्या मुळाशी असलेल्या कल्पनेला मराठीत ‘उद्घाटना’पेक्षा ‘शकुन’ आणि ‘मुहूर्त’ हे शब्द अधिक जवळचे आहेत. विवाहमंडपाचा पहिला खांब रोवण्यावरून आलेला ‘मुहूर्तमेढ रोवणे’ हा वाक्प्रचार तर ‘एखाद्या युगाचा शुभारंभ करणे’ या लाक्षणिक अर्थाने ‘इनॉग्युरेट’ची जागा समर्थपणे घेऊ शकतो.

९. ‘ओरिजिन’, ‘सोर्स’ आणि ‘ऑनसेट’

‘ओरिजिन’ हा शब्द उगवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. सूर्य उगवतो ती दिशा म्हणून ‘ओरिएंट’. ‘सोर्स’ हा शब्दही वर उसळणे, उठणे या अर्थाच्या क्रियापदाचा वंशज. मराठीतील ‘उगम’, ‘उदय’, ‘उद्भव’ या शब्दांतही ‘उद्’ म्हणजे वर हा उपसर्ग आहे. येथे भाषांतर सुकर होते, कारण दोन्हीकडील चित्र एकच आहे.

परंतु ‘ओरिजिन’ आणि ‘बिगिनिंग’ यांत गल्लत करून चालत नाही. ‘बिगिनिंग’ हा त्या वस्तूचाच पहिला भाग असतो. ‘ओरिजिन’ हे ती वस्तू जेथून आली ते ठिकाण किंवा कारण असते. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर आहे, असे म्हणताना आपण ‘गोदावरीची सुरुवात’ असे सहसा म्हणत नाही. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथाच्या नावातही ‘ओरिजिन’ हाच शब्द आहे. जीवसृष्टीची पहिली घटका कोणती, हा त्या ग्रंथाचा विषय नसून एका जातीपासून दुसरी जाती कशी उद्भवते, हा आहे. शीर्षकाचे भाषांतर ‘जातींची सुरुवात’ असे केल्यास ग्रंथाचा विषयच बदलतो.

काही शब्दांत आरंभाबरोबर भावही सूचित होतो. ‘ऑनसेट’ याचा जुना अर्थ हल्ला. रोग, म्हातारपण, हिवाळा यांच्या आरंभासाठी तो वापरतात. भारतीय हवामानशास्त्र विभाग केरळातील मान्सूनच्या आरंभाला ‘ऑनसेट’ म्हणतो. त्याची सर्वसाधारण तारीख १ जून मानली जाते. मराठी वर्तमानपत्रे त्याच घटनेला ‘मान्सूनचे आगमन’ म्हणतात. एका भाषेत चालून येणारा पाऊस दुसऱ्या भाषेत पाहुण्यासारखा येतो. ‘आउटब्रेक’ युद्ध व साथ यांच्यासाठी राखीव आहे. ‘लाँच’मध्ये भाला फेकण्याची क्रिया आहे, त्यावरून जहाज पाण्यात ढकलणे आणि पुढे योजना वा उत्पादन लोकांसमोर आणणे हे अर्थ आले. गेटवे ऑफ इंडियाहून सुटणारी लाँच मात्र वेगळी. ते होडीचे नाव इबेरियन भाषांतून आलेले आहे.

१०. मराठीची बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून इंग्रजी शब्दसंपत्तीपुढे मराठी तोकडी पडते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मराठीने आरंभाची विविधता नामांपेक्षा क्रियापदांत साठवली आहे. शाळा भरते, बाजार भरतो, जत्रा भरते; युद्ध पेटते, भांडण जुंपते, साथ उद्भवते, थंडी पडते, दिवा लागतो, नोकर कामाला लागतो. विद्यारंभाला ‘श्रीगणेशा’ किंवा ‘ओनामा’ म्हणतात. हे शब्द मुलाला पाटीवर प्रथम गिरवायला देत त्या नमनांवरून आले. नाटकाला ‘नांदी’ असते. १८८० साली रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’नंतर ती मराठी प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली, आणि आज कोणत्याही मोठ्या घटनेच्या पूर्वसूचनेला आपण नांदी म्हणतो.

खरी चिंतेची बाब वेगळी आहे. इंग्रजीतील सर्व आरंभवाचक शब्दांसाठी ‘सुरू’ हा एकच प्रतिशब्द वापरण्याची सवय लागल्यामुळे भाषांतरित मराठीत ‘युद्ध सुरू झाले’, ‘साथ सुरू झाली’, ‘भांडण सुरू झाले’, ‘बाजार सुरू झाला’ अशी एकसुरी वाक्ये येऊ लागली आहेत. यात व्याकरणाची चूक नाही. पण पेटणे, उद्भवणे, जुंपणे, भरणे ही क्रियापदे हळूहळू नव्या पिढीच्या लेखनातून गळत आहेत. म्हणजे एकाच प्रतिशब्दाच्या सवयीने नुकसान दुहेरी होते: विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दांतील भेद कळत नाही आणि मराठी शब्दांतील भेद तो विसरतो.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि कॅन्डी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून द्विभाषिक कोशांनी मराठीची मोठी सेवा केली आहे. तथापि कोश हा शब्दांची भेट घडवून देतो. त्यांची पूर्ण ओळख वाक्यातच होते. ही ओळख करून देण्याचे काम वर्गातील अध्यापकाचे आहे.

११. अध्यापनविषयक सूचना

(१) आरंभवाचक शब्द शिकवताना प्रतिशब्दाऐवजी मूळ कृती आधी सांगावी: ‘स्टार्ट’साठी उसळी, ‘इनिशिएट’साठी प्रवेश, ‘इन्सेप्शन’साठी हाती घेणे, ‘ओरिजिन’साठी उगवणे. कृती लक्षात राहिली की योग्य कर्म आपोआप सुचते.
(२) प्रत्येक शब्द किमान एका न चालणाऱ्या वाक्यासह शिकवावा. ‘बिगिन द कार’ का चालत नाही, हे कळल्यावरच ‘स्टार्ट’ची हद्द कळते.
(३) ‘पासून’ आणि ‘सुरुवातीला’ या मराठी शब्दांमुळे होणाऱ्या चुका स्वतंत्रपणे दाखवून द्याव्यात.
(४) दैनंदिन लेखनात ‘बिगिन’ व ‘स्टार्ट’ यांना कमी प्रतीचे मानू नये. ‘कमेन्स’ कायदा व औपचारिक घोषणा यांपुरता ठेवावा.
(५) भाषांतराच्या तासाला एकाच इंग्रजी क्रियापदासाठी संदर्भानुसार निरनिराळी मराठी क्रियापदे शोधण्याचा सराव द्यावा. मराठी व इंग्रजी या दोन्ही विभागांनी हा उपक्रम एकत्रितपणे राबवल्यास त्याचा लाभ दोन्ही भाषांना होईल.

१२. निष्कर्ष

इंग्रजीतील आरंभवाचक शब्द हे एकाच अर्थाचे अनेक पोशाख नाहीत. त्यांच्यातील भेद काही अंशी सामाजिक थरांचा, म्हणजे जर्मानिक, फ्रेंच आणि लॅटिन यांच्या प्रतिष्ठेचा आहे. परंतु त्याहून अधिक तो मूळ कृतीचा आहे. आरंभ ही अमूर्त कल्पना असल्यामुळे ती व्यक्त करण्यासाठी प्रत्येक भाषेने एखादी मूर्त कृती उसनी घेतली. संस्कृत, लॅटिन व जर्मन यांनी कधी एकच कृती निवडली, तर कधी मराठी व इंग्रजी यांनी भिन्न कृती निवडल्या. जेथे कृती एक आहे तेथे प्रतिशब्द सहज मिळतो. जेथे ती भिन्न आहे तेथे प्रतिशब्द फसवतो. ‘कमेन्समेंट’ म्हणजे दीक्षान्त, आणि तोच शब्द कायद्यात प्रारंभ, हे ज्याला उमगले त्याला कोश कोठे थांबतो आणि भाषेचा अभ्यास कोठे सुरू होतो, हेही उमगेल.